न पाहिलेल्या मुंबईचा इन्स्पेक्टर

इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबरीचे पहिले पान कर्नाटकात उघडते, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात फारशी बोलली जात नाही. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ १८६८ साली प्रसिद्ध झाली आणि इंग्रजीतली पहिली मोठी डिटेक्टिव्ह कादंबरी म्हणून आजही बहुतेक जाणकार तिचेच नाव घेतात. तिची सुरुवात होते १७९९ सालच्या श्रीरंगपट्टणात. टिपू सुलतानाचा पाडाव झाला आहे, कंपनीची फौज लुटीला लागली आहे आणि त्या गोंधळात एक इंग्रज अधिकारी रक्षकांना ठार करून देवाचा पिवळा हिरा लांबवतो. पुढची बहुतेक कथा इंग्लंडात, एका सुखवस्तू कुटुंबाभोवती फिरते. हिरा चोरीला जातो, सार्जंट कफ तपासाला येतो आणि हिऱ्याच्या मागावर असलेले तीन ब्राह्मण कथेच्या कडेकडेने वावरत राहतात. कॉलिन्सने हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नव्हते. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल यानेही होम्सच्या सुरुवातीच्या कथा लिहिल्या तेव्हा ठेवले नव्हते. तरी १८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये आग्र्याच्या किल्ल्यातला खजिना आहे आणि विषारी काटे फुंकून मारणारा अंदमानी माणूस आहे. ‘द स्पेकल्ड बँड’ या गाजलेल्या कथेत तर जीव घेणारा साप हिंदुस्थानातूनच मागवलेला आहे. म्हणजे या साहित्यप्रकारात आपला देश जन्मापासून आहे, पण कोणत्या कामासाठी? गुन्ह्याचे मूळ पुरवण्यासाठी. हिरा, शाप, विष, साप इकडून जायचे आणि गुंता सोडवणारे डोके लंडनचे असायचे.

ब्रिटिश वाचकांपुरते हे नाते उलटे केले ते १९६४ साली एका लेखकाने, आणि त्याने उभा केलेला डिटेक्टिव्ह मराठी माणूस होता: मुंबई सीआयडीतला इन्स्पेक्टर गणेश घोटे. लेखक एच. आर. एफ. कीटिंग. जन्म ३१ ऑक्टोबर १९२६, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेंट लेनर्ड्स-ऑन-सी या गावी. मर्चंट टेलर्स शाळा, काही काळ सैन्य, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण, मग स्विंडनच्या एका स्थानिक पत्रातून ‘डेली टेलिग्राफ’ आणि ‘द टाइम्स’पर्यंतची उपसंपादकी, असा त्याचा तोपर्यंतचा प्रवास. १९५३ साली शीला मिचेल या अभिनेत्रीशी त्याचे लग्न झाले. तुला डिटेक्टिव्ह कथा वाचायला इतक्या आवडतात तर एखादी लिहून का पाहत नाहीस, हा धक्का तिनेच दिला. पहिली कादंबरी १९५९ साली आली, तिच्यामागून आणखी काही आल्या, इंग्लंडात त्यांचे बऱ्यापैकी स्वागतही झाले. अडचण अमेरिकेची होती. तिथले प्रकाशक म्हणत, ही पुस्तके फारच इंग्रजी वळणाची आहेत. लिहिण्यावर घर चालवू पाहणाऱ्या माणसाला ही अडचण परवडणारी नव्हती. कीटिंगने नकाशांचे पुस्तक उघडले, परका पण इंग्रजी चालणारा देश शोधला आणि त्याचे बोट भारतावर थांबले. एकच पुस्तक लिहायचे असे ठरले होते. प्रत्यक्षात घोटे त्याच्याबरोबर पंचेचाळीस वर्षे राहिला.

घोटेच्या त्या पहिल्या पुस्तकाचे नाव ‘द परफेक्ट मर्डर’, आणि नावातच एक खेळ आहे. लाला अरुण वर्दे या मुंबईतल्या धनाढ्य माणसाच्या पारशी सेक्रेटरीचे आडनाव परफेक्ट. त्याच्यावर हल्ला झाला आहे, तो बेशुद्ध पडला आहे, पण मेलेला नाही. वर्तमानपत्रे मात्र ‘परफेक्ट मर्डर’ म्हणून मोकळी झाली आहेत. घोटेला हा तपास करायचा आहे आणि त्याच वेळी दुसरेही प्रकरण त्याच्या गळ्यात पडले आहे. एका मंत्र्याच्या टेबलावरून एक रुपयाची नोट गेली आहे. मंत्र्याची असल्यामुळे ती एक रुपयाची राहिलेली नाही, तिचा तपास खुनाच्या तपासाइतकाच तातडीचा ठरतो. शिवाय पोलिसी पद्धतींचा अभ्यास करायला युनेस्कोने पाठवलेला अ‍ॅक्सेल स्वेन्सन हा धिप्पाड स्वीडिश पाहुणा दिवसभर घोटेच्या मागे आहे आणि त्याच्या प्रश्नांना सौजन्याने उत्तरे देणे हाही वरून आलेला हुकूमच आहे. घरी बायको वाट पाहून रागावलेली, मुलगा वेद आजारी. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा गोल्ड डॅगर हा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार या कादंबरीला मिळाला, आणि ज्या अमेरिकी बाजारासाठी हा सारा खटाटोप केला होता तोही उघडला. १९८८ साली मर्चंट-आयव्हरीने तिच्यावर चित्रपट काढला. झफर हाय दिग्दर्शक होते आणि नसीरुद्दीन शाह घोटे झाले होते.

कीटिंगने ही कादंबरी लिहिली तेव्हा मुंबई पाहिलेली नव्हती, आणि पुढची दहा वर्षेही पाहिली नाही. नकाशे, पुस्तके, वर्तमानपत्रे, सिनेमे यांच्या आधाराने तो लंडनमध्ये बसून क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस मुख्यालयाच्या गोष्टी लिहीत होता. शेवटी एअर इंडियाला ही हकिकत कळली, त्यांनी विमानाचे तिकीट देऊ केले आणि घोटेचा निर्माता घोटेच्या गावी प्रथमच आला. या गोष्टीचे कौतुक खूप झाले आहे आणि तिच्यावर टीकाही तितकीच झाली आहे. माझ्या मते दोन्ही बाजूंनी चुकीचे टोक धरले. न पाहता लिहिले हा चमत्कार नाही आणि तेवढ्यावरून गुन्हाही ठरत नाही. पाहायचे आहे ते असे की, न पाहता लिहिलेल्या या कादंबऱ्यांतले काय टिकले आणि काय नाही, कारण त्यातून डिटेक्टिव्ह कादंबरी कशावर उभी राहते याचा पुरावाच हाती येतो. टिकली ती घोटेची नोकरी. साहेबांचा फोन, वरून आलेला आदेश, बड्या माणसाच्या दारात उभे राहताना आवंढा गिळणारा अधिकारी, बदलीची भीती, कागदावर आपले नाव कुठे आणि कसे येईल याचा सतत चालणारा हिशेब. हे सगळे कीटिंगला लंडनमधून नीट दिसले, कारण उतरंडीवर उभी असलेली सरकारी यंत्रणा हा त्याच्याच देशाने इथे लावलेला वेल होता. तिची कलमे, तिचे हुद्दे, तिची भाषा कागदावर होती. कागदावरून जे कळू शकते ते त्याने कसून समजून घेतले, आणि डिटेक्टिव्ह कादंबरीचे निम्मे काम त्यावर भागते.

निम्मेच का, ते घोटेच्या घरात गेल्यावर कळते. हा मुंबईचा मराठी अधिकारी, नाव गणेश, पण बायकोचे नाव प्रोतिमा, म्हणजे सरळ बंगाली वळणाचे. त्यात अशक्य काही नाही, मुंबईत असे संसार असतात. पण लेखकाला त्या वेगळेपणाची जाणीव असल्याची खूण सुरुवातीच्या पुस्तकांत तरी दिसत नाही. घोटेच्या स्वयंपाकघरात काय शिजते, त्याचे नातेवाईक कोणत्या गावाकडून येतात, गणपतीत घरी कोण कोण असते, आई त्याला काय म्हणून हाक मारते, याला पुस्तकांत जेमतेम जागा आहे. आणि घोटे बोलतो ते इंग्रजी! प्रत्येक क्रियापद चालू काळात ओढत नेणारे, ‘मी जाणत आहे, मी सांगत आहे’ या धाटणीचे. अनेक भारतीय वाचकांना ते टोचले आणि त्यांचे टोचणे रास्त आहे. बचाव असा करतात की, हे पात्र विनोदी नाही, त्याच्या मनातले निवेदन शुद्ध आणि गंभीर इंग्रजीत चालते, फक्त तोंडचे बोलणे तसे आहे. बचाव खरा आहे, पण अपुरा आहे. घोटे घरी, हवालदाराशी, रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी इंग्रजी बोलणार नाही. तिथे तो मराठी बोलेल, नाहीतर मुंबईची हिंदी, आणि तिथे त्याचे वाक्य कुठेही अडखळणार नाही. अडखळणारे इंग्रजी सर्वत्र वापरल्यामुळे तो स्वतःच्या भाषेतही अडखळतो असे वाचकाला वाटत राहते. कीटिंगच्या लेखनातला हा खरा दोष आहे आणि मुंबईच्या भेटीनंतरही तो गेला नाही.

सीमाभागातल्या वाचकाचा आक्षेप याहून खोल असू शकतो. तो म्हणेल, दूर बसून कागदावरून आमच्याबद्दल लिहिणाऱ्यांचा आम्हाला पुरेसा अनुभव आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला जोडला गेला तो कागदावरच. कीटिंगचा घोटे पहिल्या दोन-तीन पुस्तकांतून घडत होता त्याच काळात, १९६६ साली, या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला. गावांच्या याद्या झाल्या, टक्केवाऱ्या मांडल्या गेल्या, आणि अजूनही सर्वोच्च न्यायालयात २००४ पासूनचा दावा उभा आहे. ज्यांचे आयुष्य असे यादीतल्या एका ओळीत बसवले गेले, त्यांनी नकाशावर बोट ठेवून देश निवडणाऱ्या लेखकाचे स्वागत का करावे? या आक्षेपाला माझे उत्तर असे. यादी करणाऱ्याचे काम गावाला एका रकान्यात बसवण्याचे असते, यादीला माणसाच्या मनातली दुविधा नको असते. कीटिंगचे सगळे लक्ष त्या दुविधेवर आहे. घोटे कोणत्याही रकान्यात पुरता बसत नाही. तो कायद्याचा माणूस आहे आणि कायदा वापरणाऱ्यांना घाबरतोही. त्याला शेरलॉक होम्ससारखी झगमगती बुद्धी नाही. तो चुकतो, अपमान गिळतो, आणि तरी एका टप्प्यावर पाय रोवून उभा राहतो. आपल्या माणसाला इतकी आतली बाजू देणारा लेखक परका असला तरी त्याचे लेखन यादीच्या जातीचे ठरत नाही. त्याने केलेल्या चुका त्याच्या नावावर मांडाव्यात, पण त्या चुकांचा प्रकार वेगळा आहे हेही मान्य करावे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे १९८६ ची ‘अंडर अ मॉन्सून क्लाउड’. मला ती कीटिंगची सर्वोत्तम कादंबरी वाटते, आणि तिच्यात रहस्य जवळजवळ नाहीच. एका डोंगराळ गावच्या पोलीस ठाण्यावर घोटेची तात्पुरती नेमणूक झाली आहे. पाऊस कोसळतो आहे. तपासणीला आलेले आहेत ‘टायगर’ केळकर, अत्यंत कार्यक्षम, कडक, तापट अधिकारी, घोटेचे दैवतच म्हणा. ठाण्यात देसाई नावाचा एक सार्जंट आहे, कोणत्याही कामाचा नाही, बाष्कळ आणि आळशी. संतापाच्या भरात केळकर त्याच्यावर पितळी दौत भिरकावतात, ती वर्मी बसते आणि देसाई मरतो. केळकर तेव्हाच स्वतःला कायद्याच्या हवाली करायला निघतात. त्यांना थांबवतो तो घोटे. असा अधिकारी एका क्षणाच्या रागापायी पोलीस दलाला गमवावा लागू नये असे त्याला मनापासून वाटते, आणि दोघे मिळून प्रेत तळ्यात टाकून अपघाताचा देखावा उभा करतात. खून कोणी केला हे वाचकाला सुरुवातीलाच ठाऊक आहे. पुढे प्रकरण उकरले जाते, केळकर आत्महत्या करतात, घोटेची खातेनिहाय चौकशी लागते, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे पकडणारा माणूस स्वतःच्या खोट्यासमोर बसतो. नोकरी गेली तर बायको-मुलाचे काय, आणि नोकरी टिकली तर ती कोणत्या तोंडाने करायची? त्या चौकशीचा शेवट इथे सांगत नाही. पण केळकर, देसाई, घोटे ही तीन आडनावे एका ठाण्यात आणून, निष्ठा आणि कायदा यांची टक्कर त्याने ज्या तऱ्हेने मांडली आहे ती वाचताना हा लेखक परका आहे हे विसरायला होते. त्याच १९८६ साली खऱ्या मुंबई पोलिसांतले इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजला पकडले आणि मराठी इन्स्पेक्टरचे नाव जगभरच्या बातम्यांत गेले. खरे शौर्य ते होतेच. पण खऱ्या नोकरीत अशी एखादीच रात्र येते, बाकीचा काळ जातो तो कीटिंगने लिहिलेल्या घालमेलीत, म्हणून ही कादंबरी पोलिसाला, कारकुनाला, तलाठ्याला, कोणालाही आपली वाटू शकते.

मराठीला डिटेक्टिव्ह कथेची वाण कधीच नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांनी कितीतरी पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, आणि ज्या घरात दुसरे पुस्तक येत नव्हते त्या घरात त्यांचे पुस्तक गेले. हे ऋण मोठे आहे. रहस्यकथेला समीक्षेने दाराबाहेर उभे केले याची खंत मराठीत अजून पुरती व्यक्त झालेली नाही. पण अर्नाळकरांचे नायक आणि घोटे यांच्यात एक मूलभूत फरक आहे आणि तो दाखवला पाहिजे. झुंजार कोणाचा नोकर नाही. तो पोलिसांना हुलकावण्या देतो, वेषांतर करतो, संकटातून सहीसलामत निसटतो. त्याला रजेचा अर्ज करावा लागत नाही. अर्नाळकरांनी त्याला ज्या विलायती साहसकथांच्या मुशीत घडवले, त्यांत कायदा हा नायकाच्या आड येणारा अडथळा असतो. पारतंत्र्यात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत वाचकाला तसाच नायक हवा असणार, हे समजू शकते. स्वतंत्र देशात मात्र कायदा आपलाच झाला, ठाणे आपले झाले, आणि मग खरा प्रश्न असा आला की, आपल्याच यंत्रणेत राहून न्याय करता येतो का? या प्रश्नाला धरून बेतलेला मराठी डिटेक्टिव्ह सर्वांत आधी एका इंग्रजाने एवढ्या सातत्याने लिहिला, याचे वाईट वाटण्यापेक्षा त्यातून काय घेता येईल ते पाहावे.

घेता येईल ते बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात सर्वांत जास्त, असे माझे म्हणणे आहे. इथे तीन राज्यांच्या हद्दी हाकेच्या अंतरावर आहेत. बेळगावहून थोडे पुढे शिनोळीला गेले की महाराष्ट्र लागतो, चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि निपाणीच्या पुढे कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल. गुन्हा एका ठाण्याच्या हद्दीत, आरोपीचे घर दुसऱ्या राज्यात, मुद्देमाल तिसऱ्या राज्यातून आलेला, हे इथे कल्पनेने रचावे लागत नाही. पण हद्दीपेक्षा मोठी गोष्ट भाषेची आहे. पोलीस तपासात साक्षीदाराचा जबाब नोंदवतात. आपल्या कायद्याप्रमाणे त्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. खटल्यात त्या जबाबाचा मुख्य उपयोग एकच: साक्षीदार कोर्टात वेगळे बोलला तर त्याला त्याच्याच आधीच्या शब्दांनी खोडून काढणे. आता हे निपाणीत घडताना पाहा. विडी वळणारी बाई मराठीत बोलते. फौजदार ऐकतो आणि कागदावर कन्नड उतरते, कारण कारभाराची भाषा कन्नड आहे. दोन वर्षांनी वकील तिला विचारतो, तुम्ही पोलिसांना असे सांगितले होते ना? ती म्हणते, नाही. ती खोटे बोलते आहे, फौजदाराने चुकीचे लिहिले, की तिने सांगितले ते आणि त्याने लिहिले ते दोन्ही आपापल्या जागी खरे आहे? हा प्रश्न कोणत्याही बंद खोलीतल्या खुनापेक्षा अवघड आहे. त्याच्या उत्तरासाठी डिटेक्टिव्हला दोन्ही भाषा आतून यायला हव्यात, आणि नेमके हेच कीटिंगला लंडनमधून जमणारे नव्हते.

कोणी म्हणेल, सीमाप्रश्न ही इतकी वर्षे लोकांनी सोसलेली गोष्ट आहे, तिला करमणुकीच्या कादंबरीत आणणे म्हणजे तिचे हसे करणे. हा आक्षेप मला पटत नाही. करमणुकीने गांभीर्य कमी होते हे मानणे चूक आहे. ‘इन्स्पेक्टर घोटे ट्रस्ट्स द हार्ट’मध्ये गुंड श्रीमंताचा मुलगा समजून एका शिंप्याचा मुलगा पळवतात, आणि श्रीमंताने दुसऱ्याच्या पोरासाठी पैसे मोजावेत का, या एका प्रश्नावर संपूर्ण कादंबरी श्वास रोखून वाचायला लावते. गरिबाच्या जिवाचे मोल यापेक्षा थेट कोणत्या निबंधात मांडता आले असते? ‘इन्स्पेक्टर घोटे ब्रेक्स अ‍ॅन एग’मध्ये तो एका लहान गावी कोंबड्यांचे खाद्य विकणारा बनून जातो, कारण तिथल्या नगराध्यक्षाच्या बायकोच्या जुन्या मृत्यूचा तपास उघडपणे करणे शक्य नाही. गाव त्या माणसाच्या मुठीत आहे, आणि तपास थांबावा म्हणून एक साधू उपोषणाला बसला आहे. लहान गावातली सत्ता, धर्म आणि भीती यांची ही गाठ आपल्याकडच्या कोणत्याही वाचकाला ओळखता येईल. दुसरा आक्षेप उलट बाजूने येईल: असे लिहिले तर ते प्रचार होईल, कन्नड फौजदार खलनायक आणि मराठी साक्षीदार सज्जन. लेखक कमी कुवतीचा असेल तर तसे नक्कीच होईल. पण डिटेक्टिव्ह कादंबरीची शिस्तच अशी आहे की तिच्यात प्रत्येक पात्रावर संशय घ्यावा लागतो. आपल्या भाषेचा म्हणून कोणाला सूट दिली की कोडे तिथेच फुटते. दोन्ही बाजूंच्या माणसांना सारख्या कसोटीला लावणारा हा साहित्यप्रकार सीमाभागाला भाषणांपेक्षा जास्त न्याय देऊ शकतो, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

इथल्या मातीतले गद्य कसे असावे याचा नमुनाही शोधायला लांब जायला नको. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणाऱ्या महादेव मोरे यांनी गाडीअड्डे, गॅरेज, ड्रायव्हर, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका यांचे जग त्यांच्याच बोलीत उभे केले. त्यांच्या गोष्टींत डिटेक्टिव्ह नाही, पण डिटेक्टिव्हला लागते ते सारे आहे: कोण कोणाचे देणे लागतो, रात्री कोणती गाडी कुठे थांबते, वखारीत कोण कोणाला दबून असते, कोणते नाव उच्चारले की बोलणे बंद होते. मोरे यांच्याकडे असलेले हे जवळचे ज्ञान आणि कीटिंगकडे असलेली यंत्रणेची जाण एका पुस्तकात आली तर काय होईल याची कल्पना करून पाहावी. निपाणीचा तंबाखू १९८१ च्या शेतकरी आंदोलनाने देशभर गाजला, त्यात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या काळातल्या एखाद्या ठाण्यात बसलेल्या, घरी मराठी आणि दप्तरात कन्नड लिहिणाऱ्या फौजदाराला त्या दिवसांत काय काय करावे लागले असेल? कीटिंग हयात असता आणि त्याला दोन्ही भाषा येत असत्या, तर त्याने हा विषय सोडला नसता.

कीटिंग घोटेपुरता नव्हता हेही सांगायला हवे. १९६७ पासून पंधरा-सोळा वर्षे त्याने ‘द टाइम्स’मध्ये गुन्हेकथांची परीक्षणे लिहिली, शेरलॉक होम्सवर पुस्तक लिहिले, गुन्हेकथा कशी लिहावी यावर लिहिले, शंभर उत्तम गुन्हेकथांची निवड करून प्रत्येकीवर भाष्य केले. १९८० साली ‘द मर्डर ऑफ द महाराजा’ या संस्थानी काळातल्या कादंबरीला दुसऱ्यांदा गोल्ड डॅगर मिळाला. एकेकाळी चेस्टरटन, डोरोथी सेयर्स आणि अगाथा ख्रिस्ती यांनी भूषवलेले, गुन्हेकथालेखकांच्या डिटेक्शन क्लबचे अध्यक्षपद १९८५ ते २००० त्याच्याकडे होते, आणि १९९६ साली जीवनगौरवाचा डायमंड डॅगर मिळाला. २००० साली घोटेला निरोप देऊन झाल्यावर २००८ आणि २००९ मध्ये त्याने पुन्हा दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली एक घोटेच्या नोकरीच्या अगदी सुरुवातीची, पहिल्या तपासाची. २७ मार्च २०११ रोजी तो लंडनमध्ये वारला. त्याच वर्षी पेंग्विनने घोटेच्या काही कादंबऱ्या पुन्हा छापल्या. वाचायला सुरुवात करायची तर ‘द परफेक्ट मर्डर’ हलकी आणि मजेदार आहे, पण तिथे थांबू नये. तिच्यानंतर थेट ‘अंडर अ मॉन्सून क्लाउड’ घ्यावी, आणि मग १९७९ ची ‘इन्स्पेक्टर घोटे ड्रॉज अ लाइन’. तिच्यात इंग्रजांच्या अमदानीत क्रांतिकारकांना फाशी सुनावलेल्या एका वृद्ध न्यायाधीशाला जिवे मारण्याच्या धमक्या येतात आणि घोटेला त्याचे रक्षण करायला पाठवतात. संरक्षण नको म्हणणारा तो म्हातारा आणि हुकमाने तिथे अडकलेला इन्स्पेक्टर, पडक्या वाड्यात समोरासमोर बसून, तो जुना निकाल बरोबर होता का यावर पानेच्या पाने झगडतात.